गार झाली की पुन्हा सुरू

मे महिन्यातली दुपारची अडीचची वेळ. नागपूरच्या वर्धा रोडवर सिग्नलला थांबलेली एक पांढरी हॅचबॅक. एसी चालू, मागच्या सीटवर आजी आणि सुट्टीला आलेला नातू. सिग्नल हिरवा होतो, गाडी दहा-वीस फूट सरकते आणि गप्प होते. ना धक्का, ना आवाज. एसीचा वारा कोमट होतो, डॅशबोर्डवर लाल-पिवळे दिवे लागतात, मागून हॉर्न सुरू होतात. सेल्फ मारला की फिरतो, पण इंजिन पकडत नाही. चार जण ढकलून गाडी कडुनिंबाच्या सावलीत लावतात. पाऊण तासाने ओळखीचा मेकॅनिक स्कूटरवरून येतो, चावी फिरवतो, आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू होते.

"काही झालं नाही भाऊ हिला," तो म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. त्या क्षणी तिला खरंच काही झालेलं नसतं.

हा प्रसंग कुण्या एका गाडीचा नाही. होळी उलटली की विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात गॅरेजवाल्यांकडे ही तक्रार ठरल्यासारखी येऊ लागते, आणि तिची पुढची गोष्टही बरीचशी ठरलेली असते. गाडी गॅरेजात सकाळी जाते, म्हणजे गार असताना. तिथे ती उत्तम चालते. मग ‘बदलून बघू’ सुरू होतं. आधी प्लग, मग फिल्टर, मग पेट्रोलचा पंप. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस बरे जातात, कारण मधे एखादी वळवाची सर येऊन गेलेली असते किंवा गाडी दुपारी बाहेर पडलेलीच नसते. आणि एका रणरणत्या दुपारी ती पुन्हा त्याच रस्त्यावर उभी राहते. बिल दहा-पंधरा हजारांवर गेलेलं असतं आणि मूळचा बिघाड जागच्या जागी असतो.

अशा गाडीचा बिघाड फार मोठा नसतो. बहुतेक वेळा तो नखाएवढ्या सांध्यात किंवा केसाएवढ्या तारेत असतो. अडचण एवढीच, की त्याचा पुरावा गरम असेपर्यंतच टिकतो. गाडी टो करून गॅरेजला पोचेपर्यंत तो विरून जातो. म्हणून या दुखण्यात पहिला वैद्य मेकॅनिक नसतो. जो त्या क्षणी स्टिअरिंगवर बसलेला असतो, तो असतो.

नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. हवामान खात्याचं हे तापमान सावलीतलं, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवरच्या झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजलेलं. भर उन्हातलं डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि गाडी त्या डांबरापासून वीतभर उंचीवर उभी असते. बॉनेटखालचं जग आणखी वेगळं. इंजिनातून फिरणारं पाणीच नव्वद अंशांच्या आसपास असतं, एक्झॉस्टचा लोखंडी भाग काही शे अंशांवर. गाडी पळत असते तोवर समोरून येणारा वारा ही उष्णता वाहून नेतो. सिग्नलला थांबली की सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर.

आणि इंजिन बंद केलं की काय होतं? बहुतेकांची समजूत अशी की तिथून गाडी गार व्हायला लागते. होतं उलटं. पाण्याचा पंप थांबतो, वारा थांबतो, आणि तापलेलं लोखंड आपली उष्णता आजूबाजूच्या प्रत्येक नळीला, तारेला, सेन्सरला देऊ लागतं. इंजिन बंद केल्यावरची पहिली दहा-वीस मिनिटं बॉनेटखालच्या नाजूक वस्तूंसाठी सगळ्यात वाईट. हायवेवर तासभर सुरळीत आलेली गाडी चहाला थांबल्यानंतर सुरूच होत नाही, त्याचं कारण बहुधा या वीस मिनिटांत दडलेलं असतं.

उन्हात बंद पडणाऱ्या गाडीचा आपल्याकडचा जुना इतिहास मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीशी जोडलेला आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. तिची पेट्रोलची टाकी मागे, डिकीकडे. पंप मात्र पुढे, इंजिनालाच जोडलेला. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा, आत रबरी पडदा असलेला हा पंप पेट्रोल गाडीच्या लांबीभर ओढून आणायचा.

ओढून आणायचा, यातच सगळी मेख होती. द्रव ओढला की नळीतला दाब घटतो, आणि दाब घटला की तो कमी उष्णतेला उकळतो. महाबळेश्वरला पाणी शंभर अंशांच्या आधीच, पंच्याण्णवच्या आसपास उकळू लागतं, तोच हा नियम. पेट्रोल तर पाण्यासारखं एकजिनसी नसतंच. त्यात शेकडो हायड्रोकार्बन मिसळलेले असतात. सगळ्यात हलके पस्तीस-चाळीस अंशांनाच उडू लागतात, सगळ्यात जड दोनशेच्या आसपास. खंडाळ्याच्या घाटात मे महिन्यात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या फियाटच्या तापलेल्या पंपात पेट्रोल यायचं आणि तिथेच त्याची वाफ व्हायची. पंपाचा पडदा ती वाफ नुसती दाबायचा आणि सोडायचा; पेट्रोल पुढे सरकायचं नाही. कार्बोरेटर कोरडा पडायचा. गाडी दोन-चार आचके द्यायची, खोकायची, बंद पडायची. ड्रायव्हरांच्या भाषेत, ‘गाडीने एअर धरली.’ पुस्तकी भाषेत व्हेपर लॉक.

त्यावरचा इलाज त्या काळच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या सीटखाली असायचा: एक फडकं आणि पाण्याची बाटली. फडकं ओलं करून पंपाला गुंडाळायचं. माठातलं पाणी ज्या रीतीने गार होतं त्याच रीतीने, फडक्यातलं पाणी उडताना पंपाची उष्णता घेऊन जायचं. पाच-दहा मिनिटांत गाडी सुरू. काहीजण फडकं काढायचेच नाहीत. घाट संपेपर्यंत अधूनमधून त्यावर पाणी टाकत राहायचे.

या ओल्या फडक्याचं मोल फक्त इलाजाचं नव्हतं. ते निदानही होतं. फडकं गुंडाळून गाडी लगेच सुरू झाली, तर दोष वाफेचा होता हे तिथल्या तिथे सिद्ध व्हायचं. नाही झाली, तर करंटकडे बघायचं. गरम असताना एकच भाग गार करायचा आणि फरक पडतो का ते बघायचं. निदानाची ही पद्धत आजही तितकीच खरी आहे. बदलली आहे ती फडकं गुंडाळायची जागा.

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. तिच्याबरोबर तो पंपही गेला. पण ‘उन्हाने पेट्रोलची वाफ होते’ हे निदान मात्र अजून ठणठणीत आहे, आणि आजच्या गाड्यांना ते सर्रास लावलं जातं. तिथे ते बहुतेक वेळा चुकतं. शतक उलटताना आपल्याकडे कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, आणि पंप इंजिनावरून थेट टाकीच्या पोटात गेला. आता पेट्रोल ओढलं जात नाही, ढकललं जातं, तेही साधारण तीन ते चार बारच्या दाबाने. एवढ्या दाबाखाली नळीतलं पेट्रोल सहजी उकळत नाही. तेल कंपन्यांनाही मोकळीक नसते. पेट्रोलच्या भारतीय मानकात, आयएस २७९६ मध्ये, व्हेपर लॉक इंडेक्स नावाचं एक मोजमाप आहे आणि उन्हाळ्याच्या महिन्यांसाठी त्याची मर्यादा वेगळी धरलेली आहे.

इथे इथेनॉलचा विषय निघतोच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट आधी २०३० सालचं होतं, ते २०२५ वर आणलं गेलं. महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात तर हा घराघरातला विषय. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, म्हणजे पेट्रोलच्या हलक्या घटकांपेक्षा कितीतरी उशिरा. पण पेट्रोलमध्ये थोडं मिसळलं की मिश्रणाची बाष्प होण्याची ओढ वाढते. ही वाढ दहा टक्क्यांच्या आतबाहेर सर्वाधिक असते, पुढे हळूहळू उतरते. तेव्हा जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीत इथेनॉलवर संशय घ्यायला जागा आहे. इथेनॉलला न जुमानणारे रबर त्या गाड्यांत नाहीत, आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा मळही ते सुटा करतं. पण टाकीत पंप असलेली गाडी दुपारी अडीचला बंद पडते आणि सव्वातीनला सुरू होते, तेव्हा सगळं खापर इथेनॉलवर फोडून मोकळं होणं म्हणजे निदान टाळणं.

मग बंद पडतं काय? याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि ते कोर्टाच्या कागदांत नोंदलेलं आहे.

फोर्ड कंपनीने १९८३ पासून आपल्या लाखो गाड्यांत टीएफआय नावाचं इग्निशन मॉड्यूल वापरलं. ठिणगी नेमकी कधी पडायची हे ठरवणारी ही काडेपेटीपेक्षा थोडी मोठी इलेक्ट्रॉनिक डबी. ती डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाच्या, अंगावर स्क्रूने बसवलेली होती, म्हणजे इंजिनाच्या ऐन तापलेल्या भागाशी चिकटून. तिच्या आणि डिस्ट्रिब्यूटरच्या मधे उष्णता वाहून नेणारं ग्रीस लावायचं असे. ते वाळलं किंवा नीट लावलेलं नसलं की डबीची उष्णता बाहेर पडायची नाही. आतला सर्किट तापून दगा द्यायचा, आणि गाडी चालता चालता, कधी भर हायवेवर, एकदम बंद पडायची. थोड्या वेळाने डबी गार झाली की पुन्हा सुरू.

वर्षानुवर्षं मालक तक्रारी करत राहिले आणि वर्कशॉपवाले ‘दोष आढळला नाही’ असं लिहून गाड्या परत देत राहिले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने एकाहून अधिक वेळा चौकशी केली, पण त्या गाड्या परत बोलावायला लावल्या नाहीत. अखेर कॅलिफोर्नियातल्या मालकांनी एकत्र येऊन दावा लावला. २००० साली अलामेडा काउंटीचे न्यायाधीश मायकेल बॅलाची यांनी निकाल दिला: मॉड्यूल उष्णतेच्या जागी बसवणं हा मूळ रचनेतला दोष होता आणि कंपनीने तो दडवला. एकट्या कॅलिफोर्नियातल्या पंधरा लाखांहून अधिक गाड्यांचा हा प्रश्न होता. गाड्या सुरक्षित असल्याचं कंपनीचं म्हणणं कायम राहिलं, पण २००१ मध्ये तडजोड झाली आणि मॉड्यूल बदलण्याचा खर्च मालकांना मिळण्याची वाट मोकळी झाली. निकालाच्या आधीच काही नव्या गाड्यांत फोर्डने तीच डबी डिस्ट्रिब्यूटरवरून काढून दूर, धातूच्या पात्यांवर गार राहील अशा जागी नेली होती.

या खटल्यातली लक्षात ठेवायची गोष्ट न्यायाधीशांच्या निकालाइतकीच वर्कशॉपच्या त्या शेऱ्यात आहे: दोष आढळला नाही. एवढी मोठी कंपनी, प्रशिक्षित कारागीर, महागडी उपकरणं, आणि तरीही दोष आढळला नाही, कारण गाडी तपासली जायची ती गार असताना.

दुसरं उदाहरण जपानी गाड्यांचं. १९८० च्या अखेरच्या आणि १९९० च्या दशकातल्या अनेक होंडा गाड्यांत डॅशबोर्डखाली एक मेन रिले असे. चावी फिरवली की हा रिले पेट्रोलपंपाला करंट देतो. त्याच्या आतल्या सोल्डरच्या सांध्याला वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने वर्तुळाकार भेग पडायची, इतकी बारीक की भिंगातून बघावी लागे. उन्हात काचा बंद करून उभी केलेली गाडी तापली की भेग रुंदावायची आणि पंपाचा करंट तुटायचा. मालक दारं उघडून बसायचा, गाडीत वारा खेळायचा, आणि गाडी सुरू व्हायची. इलाज म्हणजे रिले उघडून चार थेंब सोल्डर. तो दोष ओळखायची खूणही साधी होती, आणि ती आजच्या जवळपास प्रत्येक पेट्रोल गाडीला लागू आहे. चावी ‘ऑन’ला आणली, सेल्फ मारला नाही, की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद ‘घूंऽऽ’ असा बारीक आवाज येतो. तो पंपाचा आवाज. बंद पडलेल्या गाडीत तो येत नसेल, तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज इथे बघायचं. येत असेल, तर बहुधा दुसरीकडे.

जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियन अशा गाडीचं बॉनेट लगेच उघडत नाही. तो आधी विचारतो. बंद कशी पडली? बटण दाबून दिवा घालवावा तशी, की आचके देत, मिसिंग करत? हा एक प्रश्न अर्ध्या शक्यता बाजूला करतो. पेट्रोल कमी पडलं की इंजिन भुकेलं होतं, पिक-अप जातो, गाडी गचके देते, मग मरते. ठिणगीच गेली किंवा सेन्सरचा सिग्नल तुटला, तर ती क्षणात गप्प होते. पुढचा प्रश्न: सिग्नलला थांबल्यावरच बंद पडते, की चालतानाही? थांबल्यावर, एसी लावला की बंद पडते आणि लगेच पुन्हा सुरू होते, तर तो बहुधा आयडलिंगचा प्रश्न. थ्रॉटलच्या तोंडाशी काजळी साचलेली असते, एसीच्या कॉम्प्रेसरचं ओझं पेलायला लागणारी जास्तीची हवा आत जात नाही. साफसफाईने भागतं. पण चालता चालता मरून अर्धा तास उठतच नसेल, तर काजळीला दोष देण्यात अर्थ नाही.

मग तो विचारतो ते लोकांना चक्रावून टाकतं: सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलत होता का?

हा काटा म्हणजे गाडीच्या पोटात डोकावायची फुकटची खिडकी आहे. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत आरपीएमची माहिती क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरकडून येते. क्रँकच्या दातेरी चाकाजवळ, बऱ्याच गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथे, बोटाएवढा हा सेन्सर बसवलेला असतो. चाकाचा दात पुढून गेला की तो खूण करतो. त्या खुणेवरून ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, ठिणगी आणि पेट्रोल दोन्हींची वेळ ठरवतो. खूण आली नाही की संगणकाच्या लेखी इंजिन फिरतच नाही, आणि तो दोन्ही थांबवतो. म्हणून सेल्फ फिरतोय आणि काटा शून्यावर चिकटून आहे, अशी स्थिती दिसली की पहिला संशय या सेन्सरवर. बहुतेक गाड्यांत सेल्फने फिरवताना काटा दोन-तीनशेवर थरथरायला हवा. काही गाड्या तेवढ्या आरपीएमला काटा दाखवत नाहीत. आपल्या गाडीत तो हलतो का, हे गाडी धडधाकट असताना एकदा बघून ठेवलेलं बरं.

या सेन्सरची तपासणी जवळून बघण्यासारखी असते. दोन तारांचा सेन्सर असेल, तर आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. सेन्सर सोडवून मल्टिमीटरला लावायचा. गार असताना समजा ८०० ओहम दाखवतो. आता घरातला केस वाळवायचा ड्रायर आणायचा आणि त्याच्या गरम झोतात सेन्सर धरायचा. आकडा सावकाश चढू लागतो: ८३०, ८७०, ९२०. घाबरायचं कारण नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतोच, साठ अंशांनी तापलं की आठशेचे हजाराच्या जवळ जाणारच. मीटरकडे बघत राहायचं. सेन्सर निर्दोष असेल तर आकडा तिथे स्थिरावतो. दुखरा असेल तर एका क्षणी पडद्यावरचे अंक नाहीसे होतात आणि मीटर ‘ओपन’ दाखवतो. आत प्लॅस्टिकच्या पोटात तुटलेली तार गार असताना टोकाला टोक लावून होती. तापून प्लॅस्टिक फुगलं आणि टोकं दुरावली. झोत बंद करा, सेन्सर निवू द्या, अंक परत येतात. गाडीचं पाऊण तासाचं दुखणं असं टेबलावर पाच मिनिटांत उभं करता येतं.

तीन तारांचे, हॉल इफेक्टचे सेन्सर या पद्धतीने तपासता येत नाहीत. त्यांना करंट देऊन सिग्नलच बघावा लागतो. तिथे गाडी बंद पडलेली असतानाच सेन्सरवर गार पाण्याचं फडकं ठेवायचं, किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा गारव्याचा स्प्रे मारायचा, आणि लगेच सेल्फ मारायचा. पकडली, तर ओल्या फडक्याने पुन्हा एकदा साक्ष दिली. फक्त सेन्सर बदलण्याआधी त्याचा कनेक्टर आणि तारा नीट बघायला हव्यात. इंजिनाच्या उष्णतेने कडक झालेली, भेगाळलेली तार नव्या सेन्सरलाही तसंच वागवते.

आता एक प्रश्न राहतो, आणि प्रत्येक ग्राहक तो विचारतो: स्कॅनरवर येत नाही का हे? येतं, पण नेहमी नाही. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या नव्या गाड्यांत ओबीडी-२ आहे. क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड पी ०३३५, कॅम सेन्सरचा पी ०३४०, मिश्रण पातळ झाल्याचा पी ०१७१. कोडसोबत त्या क्षणाची नोंदही साठवली जाते: वेग किती, पाण्याचं तापमान किती, इंजिनावर भार किती. पण क्रँक सेन्सर अचानक गप्प झाला, तर अनेक संगणकांना वाटतं की इंजिन नेहमीसारखं बंद झालं. कुठलाच कोड साठवला जात नाही. पडद्यावर ‘नो फॉल्ट’ येतो आणि ग्राहकालाच वेड्यात काढल्यासारखं होतं. म्हणून चांगला कारागीर स्कॅनर लावून गॅरेजात उभा राहत नाही. तो दुपारी दोनला ग्राहकाला शेजारी बसवून, स्कॅनरवर आरपीएम आणि पेट्रोलचा दाब बघत, गाडी बंद पडेपर्यंत फिरवतो. यात तासभर जातो, पेट्रोल जातं. त्या तासाचे पैसे द्यायला ग्राहकाने कुरकुर करू नये. चुकून बदललेल्या एका पंपाच्या किमतीत असे कित्येक तास बसतात.

पंप कधीच दोषी नसतो असं मात्र नाही. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्या पेट्रोलनेच गार राहतो. जो माणूस वर्षभर रिझर्व्हच्या दिव्यावर गाडी चालवतो, त्याचा पंप तापतो आणि लवकर झिजतो. झिजलेले ब्रश गरम झाले की मोटार अडकते. टाकीला खालून रबरी हातोडीने दोन टोले दिल्यावर ‘घूं’ ऐकू आलं, तर पंपाचे दिवस भरले. होंडाने भारतात जून २०२० मध्ये ६५,६५१ आणि एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४ गाड्या पंप बदलण्यासाठी परत बोलावल्या, कारण पंपातली इंपेलर नावाची फिरकी सदोष असून इंजिन बंद पडण्याची शक्यता होती. आपली गाडी अशा यादीत आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसी नंबर टाकून कळतं, आणि तिथे पंप फुकट बदलून मिळतो. मोठा खर्च करण्याआधी हे बघायला दोन मिनिटं पुरतात.

पेट्रोलच्या झाकणातला बारीक व्हॉल्व्ह तुंबला, तरी टाकीत पोकळी तयार होऊन पुरवठा आखडतो. बंद पडल्यावर झाकण उघडताना जोरात हवा आत ओढली गेली आणि मग गाडी सुरू झाली, तर खूण पटली. आणि एक आपल्याकडची खास सवय. पंपावर नॉझल ‘कट’ झाल्यावरही बिलाचा आकडा पूर्ण व्हावा म्हणून आणखी पेट्रोल भरायचं. ते जास्तीचं पेट्रोल टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरू शकतं. उन्हात तिथून भसाभस वाफा निघतात, त्या डब्यातून इंजिनाकडे जाणारी वाट उघडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर थेट इंजिनात जातात, आणि सिग्नलला गाडी गुदमरते. टाकी फुल केल्यानंतरच ही तक्रार येत असेल, तर मेकॅनिकला तेवढं एक वाक्य जरूर सांगावं.

टेम्परेचरचा काटाच वर गेला असेल, तर हा सगळा विचार बाजूला. तो प्रश्न पंख्याचा, पाण्याचा किंवा थर्मोस्टॅटचा. इंजिन बंद करायचं आणि रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं आणि झाकण सुटताच अंगावर येतं. डिझेलच्या गाड्यांत आणखी वेगळं. तापलेलं डिझेल पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरमधून मागे गळतं, आणि कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, सुरू होण्यापुरता दाब तयार होत नाही. तिथे प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला छोटी बाटली लावून कुणातून किती गळतं हे मोजतात. बाटल्यांतली पातळीच दोषी इंजेक्टर दाखवते.

चालत्या गाडीचं इंजिन मेलं की दोन गोष्टी लगेच बदलतात. पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेकला मदत करणारी पोकळी एक-दोन दाबांपुरतीच उरते. त्यामुळे घाबरून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नये. एकदाच, धरून, घट्ट दाबावा. हजार्ड लावून, उरलेल्या वेगातच गाडी डावीकडे घ्यावी. चावी पूर्ण काढू नये, स्टिअरिंग लॉक होतं. एक्स्प्रेस-वेवर असाल तर माणसांना कठड्याच्या पलीकडे उभं करावं. गाडीचं निदान त्यानंतर.

आणि ते निदान तुमच्यापासून सुरू होतं. गाडीच्या कप्प्यात एक वही आणि पेन ठेवा. गाडी बंद पडली की लिहा: वेळ, किती किलोमीटर चालली होती, एकदम मेली की आचके देऊन, एसी चालू होता का, टाकीत पेट्रोल किती होतं, टेम्परेचरचा काटा कुठे होता, किती मिनिटांनी सुरू झाली. मोबाइलवर डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्या. तीन वेळच्या अशा नोंदी मेकॅनिकपुढे ठेवल्यात, तर त्याचं निम्मं काम झालेलं असेल. आणि टो करणाऱ्याला फोन लावण्याआधी, गाडी सुरक्षित जागी उभी आहे आणि इंजिन अजून तापलेलं आहे तोवर, एकदा चावी ‘ऑन’ करून मागून ‘घूं’ येतो का ऐका, मग सेल्फ मारा आणि आरपीएमचा काटा हलतो का ते बघा.